बिलं टनावर निघतात, नदी आहे तशीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की तुमच्या पुणे पुरवणीत जलपर्णीची बातमी येतेच येते. आधी हिरव्यागार नदीचा फोटो, मग डासांनी हैराण झालेल्या सोसायट्या, मग कुणाचं तरी निवेदन, मग निविदा, मग त्या निविदेवरून वाद, मग पोकलेन, आणि एवढं सगळं होईस्तोवर जून उजाडतो, पाऊस येतो, धरणातून पाणी सोडतात आणि उरलीसुरली जलपर्णी आपोआप वाहत भीमेत आणि पुढे उजनीला जाते. ठेकेदाराचं बिल निघतं. पुढच्या डिसेंबरात मागचे पाढे पंचावन्न. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीच्या बाजूला नदीवर डासांची वावटळ उठल्याचा व्हिडिओ देशभर फिरला तो तुम्ही पण छापला होता, तेव्हा आठ दिवस सगळे जागे होते, नंतर परत तेच.

मला ठेकेदाराला किंवा अधिकाऱ्यांना शिव्या घालायच्या नाहीयेत, ते काम बाकीचे लोक करतातच. माझा मुद्दा वेगळाय आणि तसा साधाय, की आपण सफाईचे पैसे नक्की कशाचे देतो ते एकदा बघा. जलपर्णीचं काम कधी क्षेत्रफळावर असतं, कधी टनावर, कधी मशीनच्या तासांवर. आता टनाचंच घ्या. जलपर्णीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणजे टनावर पैसे द्यायचे तर आपण नदीचं पाणी काट्यावर मोजून त्याचे पैसे देतोय. ताजी ओली भरली तर वजन जास्त, दोन दिवस काठावर वाळवून भरली तर कमी, मग कोण वाळवेल? तासाचं म्हणाल तर मशीन चालू असणं हेच काम, त्यानं काय उपसलं ते गौण. आणि क्षेत्रफळावर दिलं तर आज साफ केलेला पट्टा पंधरा दिवसांनी परत भरतो, कारण हे झाड अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतं आणि त्याचं बी तळातल्या गाळात वर्षानुवर्षं टिकतं. फोटो काढला त्या दिवशी पट्टा साफ होता हे खरंच असतं, त्यात कुणी खोटं बोलत नाही.

आता समजा निविदेत असं लिहिलं, की अमुक पुलापासून तमुक बंधाऱ्यापर्यंत १ डिसेंबर ते ३१ मे या काळात पाण्याचा पाच टक्क्यांपेक्षा जास्त भाग झाकलेला दिसता कामा नये, आठवड्यातून एकदा उपग्रहाच्या किंवा ड्रोनच्या फोटोवरून ते बघितलं जाईल, ज्या आठवड्यात प्रमाण पाळलं त्या आठवड्याचे पैसे मिळतील, नाही पाळलं तर नाही. मग ठेकेदार काय करेल? तो डिसेंबरात, जलपर्णी जेमतेम हातभर असतानाच काढेल, कारण तेव्हा ती स्वस्तात निघते. वरून वाहत येणारी अडवायला स्वतःच्या खर्चानं तरंगते अडसर लावेल. काढलेली काठावर टाकून परत पाण्यात जाऊ देणार नाही कारण गेली तर त्याचंच नुकसान. त्याला मशीन कुठलं वापर, माणसं किती लाव हे सांगायची गरजच नाही, तो धंदा करतो, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

(हे पाच टक्के आणि तारखा मी उदाहरणादाखल टाकल्यात, जाणकार मंडळी बसून ठरवतील.)

घर रंगवायला दिलं तर आपण रंगाऱ्याला भिंतीच्या स्क्वेअर फुटावर पैसे देतो आणि पोपडे निघाले तर परत बोलावतो, त्यानं किती डबे उघडले याचे पैसे कुणी देत नाही. सार्वजनिक सफाईत मात्र आपण बरोबर डबेच मोजत बसतो.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली आयडिया नाही. अमेरिकेत याला परफॉर्मन्स बेस्ड मॅनेजमेंट म्हणतात आणि ते तिथे आलं ते खूप हात पोळल्यावर. १९८० मध्ये त्यांनी सुपरफंडचा कायदा केला, विषारी कचऱ्याच्या जुन्या जागा साफ करायला. त्यात लष्कराच्या विमानतळांखाली आणि कारखान्यांखाली जमिनीतलं पाणी खराब झालेल्या जागा खूप होत्या, विमानाचे पार्ट धुवायचं ट्रायक्लोरोइथिलीन वर्षानुवर्षं जमिनीत मुरलेलं. उपाय म्हणून बोअर मारायचे, पाणी उपसायचं, शुद्ध करायचं आणि सोडायचं, असे प्लांट शेकड्यानं बसवले. पहिली काही वर्षं आकडे झपझप खाली येतात, सगळे खूश होतात. नंतर रेषा आडवी पडते. पंप चालूच, वीजबिल चालूच, रिपोर्ट दर तिमाहीला, पण प्रदूषण काही खाली येईना. आणि पंप बंद केला की आकडा परत वर, कारण खालच्या चिकणमातीत आणि खडकाच्या फटीत अडकलेलं हळूहळू सुटत राहतं. ठेकेदाराला पंप चालवायचे पैसे, सल्लागाराला रिपोर्टचे पैसे, मग थांबा, हे जमत नाहीये असं म्हणणार कोण? कुणाच्याच फायद्याचं नव्हतं ते.

त्यातून ते जे शिकले ते मला फार कामाचं वाटतं. काम सुरू करायच्या आधीच लिहून ठेवायचं की कुठला आकडा कुठे आणि कधीपर्यंत गाठायचाय, तो गाठला की काम संपलं असं कोण जाहीर करणार, आणि समजा दोन-तीन वर्षांत रेषा आडवी पडली तर कुठल्या टप्प्यावर पद्धत बदलायची. म्हणजे बाहेर पडायचा रस्ता आत शिरायच्या आधी ठरवायचा. घाण जागेवर शिल्लक ठेवावी लागली तर दर पाच वर्षांनी फेरतपासणी, ती तर कायद्यातच आहे. आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या लष्करानं ठेकेच तसे दिले, एक ठरलेली रक्कम घे आणि ही जागा या प्रमाणापर्यंत साफ करून दे, कशी करायची ते तू बघ, टप्पा गाठलास की टप्प्याचे पैसे.

आता इथे या. मी स्वतः बरीच वर्षं एका कारखान्यात ईटीपीवर काढली, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, त्यामुळे या विषयातला पाण्याचा भाग मला जरा जवळून माहितीय. आणि तिथला पहिला धडा असा की आकडा हवा तसा आणता येतो. सॅम्पल कधी घेतलं, कुठून घेतलं, कुणी घेतलं, यावर सगळा खेळ. नदीत दुपारी दोनला उन्हात सॅम्पल घेतलं तर शेवाळामुळे विरघळलेला ऑक्सिजन चांगला दिसतो, तेच पहाटे पाचला घ्या, तळ गाठलेला असतो. ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलेलं असताना घ्या, आपली मुठा स्वच्छ. एप्रिलमध्ये घ्या म्हणजे कळेल. प्लांटच्या आउटलेटला एकदाच बाटली बुडवली तर त्या क्षणाचं पाणी मिळतं, चोवीस तास थोडंथोडं गोळा करून मिसळलं तर दिवसाचं मिळतं, आणि या दोन रिपोर्टांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. आमच्या लाइनीत सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे ऑनलाइन मीटरचा प्रोब काढून स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवला की स्क्रीनवर सगळं झकास. बरं बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याची, टेस्ट तर आपल्याकडे २७ डिग्रीला तीन दिवस ठेवून करतात, म्हणजे आज घेतलेल्या सॅम्पलचं उत्तर तीन दिवसांनी, तोवर बाटली बर्फात होती का डिकीत होती हे कुणी विचारत नाही. ऑक्सिजन मोजायच्या सॅम्पलच्या बाटलीत एक बुडबुडा राहिला तरी आकडा बदलतो. तिरकी धरून, काठोकाठ भरून, झाकण पाण्याखालीच लावायचं असतं, नवीन पोराला आम्ही ते चार-चार वेळा करायला लावायचो.

म्हणून निकालावर पैसे म्हटलं की माझी पहिली अट ही की मोजणारा वेगळा पाहिजे. ज्याचं बिल त्या आकड्यावर निघणार त्याच्याच लॅबचा रिपोर्ट धरायचा म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मोजणाऱ्याची फी ठेकेदाराच्या खिशातून नको, वेळ आधी कळवलेली नको, आणि रिपोर्ट आला त्या दिवशी वेबसाइटवर पाहिजे. एवढं नसेल तर बाकी सगळं सोडून द्या, आहे ते टनाचंच बरं, निदान टन डोळ्यांना दिसतो.

तसा टन पण दिसतोच असं नाही म्हणा. मुंबईत मिठी नदीच्या गाळाचं झालं ते वाचलंच असेल, गाळ कागदावरच काढल्याच्या आरोपावरून २०२५ मध्ये पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं गुन्हा नोंदवला. कोर्टात काय व्हायचं ते होईल. त्याच वर्षी तिथे ठेकेदारांना गाळाचे व्हिडिओ काढायला लावले आणि ते एआयनं तपासायची सोय केली असंही वाचलं. चांगलंय, पण बघा हं, व्हिडिओ परत गाळाचाच आहे! नाला जुलैमध्ये तुंबला का नाही याचा नाही.

आमच्या भागातल्या ओढ्याचं सांगतो, भाग कुठला ते राहू दे. मे महिन्याच्या शेवटी जेसीबी येतो, दोन दिवस ढवळाढवळ, काळा कुळकुळीत गाळ, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, गाद्या, एकदा तर आख्खा कमोड निघाला, आणि तो सगळा गाळ काठावर रचून ठेवतात कारण ओला उचलला तर ट्रकमधून रस्त्यावर सांडतो, वाळू द्यावा लागतो. तिथपर्यंत ठीक. एक मुलगा मोबाइलवर जीपीएस कॅमेऱ्याच्या अॅपनं फोटो काढतो, त्यात खाली तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश सगळं छापून येतं, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो, फाइल तयार. मग वळवाचा एक जोरदार पाऊस येतो आणि काठावरचा अर्ध्याहून जास्त गाळ परत ओढ्यात. मी त्या मुलाला म्हटलं अरे आज येऊन फोटो काढ की. तो म्हणाला काका, माझं काम कम्प्लीट आहे. आणि खरंच होतं त्याचं, त्याला दिलेलं काम त्यानं केलं होतं. काठावरून कधी उचलायचा ते दुसऱ्या कुणाच्या तरी वर्क ऑर्डरमध्ये असणार. २५ सप्टेंबर २०१९ च्या पुराची रात्र आंबिल ओढ्याकाठच्या लोकांना विचारा, त्या रात्री पाण्यानं काही फाइल बघितली नाही.

सगळ्यात मोठं उदाहरण मात्र आपल्या उंबऱ्यावरचं आहे, उरुळी देवाची-फुरसुंगीचा डेपो. १६३ एकर. तीसहून जास्त वर्षं पुण्याचा कचरा तिथे गेला, गावकऱ्यांनी आंदोलनं केली, गाड्या अडवल्या, आगी लागल्या, प्रकरण एनजीटीत म्हणजे हरित लवादात गेलं, गावं आधी महापालिकेत घेतली मग परत बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. विहिरींचं पाणी गेलं ते गेलंच. आता तिथल्या जुन्या कचऱ्याचं बायोमायनिंग चालतं, म्हणजे डोंगर उकरायचा, ट्रॉमेलच्या फिरत्या चाळणीतून चाळायचा, प्लास्टिक-कापड वेगळं काढून सिमेंटच्या भट्टीला इंधन म्हणून पाठवायचं, माती वेगळी, दगड-विटा वेगळ्या. पद्धत चांगली आहे, मी तिच्या विरोधात अजिबात नाही, सीपीसीबीच्या, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, २०१९ च्या गाइडलाइनमध्ये पण हेच सांगितलंय. पण देशभर ही कामं बहुतेक टनावर दिली जातात. अमुक लाख टन प्रोसेस केला, तमुक रुपये टन. मग पावसाळ्यातला भिजलेला कचरा उन्हाळ्यातल्यापेक्षा जड, त्याचे पैसे जास्त. चाळून निघालेली माती कुठे गेली, तिच्यात शिसं-बिसं किती होतं हे बिलाच्या कागदावर येत नाही. प्लास्टिक भट्टीला खरंच पोचलं का शेजारच्याच कोपऱ्यात रचून ठेवलं हे पण नाही, ओलं आणि मातकट असेल तर भट्टीवाले घेतही नाहीत. आणि मुख्य म्हणजे डोंगराखालची जमीन आणि लीचेट, तो काळा रस, त्याचं काय? तो तर टनात बसतच नाही.

इथे निकाल काय धरायचा? माझ्या मते दोनच. एक, मोकळी करून दिलेली जमीन, एकरात, खाली माती दिसेपर्यंत. दुसरा, गावातल्या ठरलेल्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी, दर सहा महिन्यांनी, पुढची दहा-पंधरा वर्षं. पहिल्याचे पैसे ठेकेदाराला. दुसऱ्याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येणार नाही हे मला कळतं, जमिनीखालचं पाणी त्यानं खराब केलं नाही आणि ते सुधारायला डोंगर उचलल्यावर पण वर्षं जातात. ती जबाबदारी कचरा ज्यांनी टाकला त्यांची, म्हणजे आपली, पुणेकरांची. मग तो आकडा पुण्याच्या महापालिकेच्या बजेटच्या पहिल्या पानावर छापा ना. फुरसुंगीच्या विहिरी, यंदाचा निकाल. कोथरूडमधल्या माणसाला पण दिसू दे.

भोपाळचं बघा. १९८४ ची गोष्ट. युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा शेवटी जानेवारी २०२५ मध्ये कंटेनरमधून पीथमपूरला नेला आणि त्याच वर्षी जाळला. चाळीस वर्षांनी का होईना झालं, पण सगळीकडे बातमी ३३७ टनाचीच. कारखान्याच्या आजूबाजूच्या वस्त्यांमधलं जमिनीतलं पाणी, ज्याच्यामुळे सुप्रीम कोर्टाला तिथल्या लोकांना पिण्याचं पाणी द्या म्हणून सांगायला लागलं, ते काही कंटेनरमध्ये बसलं नाही. आडातलं पाणीच तसं राहणार असेल तर टन मोजून पोहऱ्यात काय येणार.

आता मुळा-मुठा. गंगा अॅक्शन प्लॅन १९८६ चा, तेव्हापासून आपल्याकडे नदी साफ करणं म्हणजे एमएलडी. म्हणजे दिवसाला किती दशलक्ष लिटर सांडपाण्याचे प्लांट बांधले. नदी कशी आहे हा प्रश्न मागे पडला. पुण्याची जायकाची, म्हणजे जपानी संस्थेच्या कर्जावरची, योजना जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाली, ९९० कोटी, ११ प्लांट, ३९६ एमएलडी, जानेवारी २०२२ पर्यंत सगळं पूर्ण व्हायचं होतं. ती मुदत उलटून गेल्यावर कुठे जागेवर काम दिसायला लागलं, खर्च वाढला तो वेगळाच. त्या सहा वर्षांत नदीला काय फरक पडला याचा हिशेब कुणाकडून मागायचा? कुणाच्याच नावावर नाही तो. प्लांटची टक्केवारी विचारा, लगेच सांगतील. ४४ किलोमीटर नदीकाठ सुधारणेत किती मीटर बांध झाला ते पण सांगतील.

गंगेवर मात्र याच काळात एक बरं काम झालंय आणि ते आपल्याकडे कमी लोकांना माहितीय. जानेवारी २०१६ मध्येच केंद्रानं हायब्रिड अॅन्युइटी नावाची पद्धत मंजूर केली. प्लांट बांधताना ठेकेदाराला ४० टक्केच पैसे मिळतात. उरलेले ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत हप्त्यानं, व्याजासकट, आणि चालवायचा खर्च वेगळा. आणि हे हप्ते बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या दर्जाशी बांधलेले. हरिद्वार आणि वाराणसीचे पहिले करार २०१७ मध्ये झाले. यात मेख अशी की प्लांट निकृष्ट बांधला तर पुढची १५ वर्षं तो त्यालाच चालवायचाय, त्यामुळे पंप, ब्लोअर घेतानाच तो विचार करतो. आपल्याकडे पूर्वी बांधणारा निराळा, चालवणारा निराळा, आणि बिघडलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार, वर वीजबिल वाचवायला ब्लोअर बंद ठेवणारे महाभाग पण असायचे (मी नावं घेत नाही). ब्लोअर बंद म्हणजे हवा नाही, हवा नाही म्हणजे जिवाणू मेले, म्हणजे प्लांट नुसताच पाणी इकडून तिकडे करणारा हौद.

पण या पद्धतीला पण एक मोठं भोक आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. समजा प्लांटच्या आउटलेटचा आकडा वर्षभर एक नंबर आला. ठेकेदाराचे हप्ते चोख. पण शहराचं निम्मं सांडपाणी प्लांटपर्यंत पोचतच नसेल तर? २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली, तिथे इमारती आधी झाल्या आणि ड्रेनेज लाइन नंतर, ती पण अजून सगळीकडे नाही, मग मैला जातो कुठे तर जवळच्या ओढ्यात, आणि ओढा नदीत. त्या प्लांटवाल्याचा काय दोष? त्यानं त्याच्या दारात आलेलं पाणी साफ करून दिलं. जलपर्णीचं पण तेच आहे, मैलापाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस हे तिचं खत. वरून खत ओतत राहायचं आणि खालच्या ठेकेदाराला म्हणायचं पाच टक्क्यांच्या वर गेली तर पैसे कापू, तर तो एक तर निविदा भरणारच नाही, नाहीतर दुप्पट भावानं भरेल. ओळखीतले एक-दोन ठेकेदार मला हेच म्हणतात आणि त्यांचं अगदीच चुकीचं नाही.

म्हणून प्रत्येकाला त्याच्या हातात असलेल्याच गोष्टीचा आकडा द्यायचा. प्लांटवाल्याला आउटलेटचा. लाइन टाकणाऱ्याला किती किलोमीटर पाइप पुरला याचा नाही तर ओढ्यात येणारा कोरड्या ऋतूतला प्रवाह किती कमी झाला याचा, कारण मार्च-एप्रिलमध्ये शहरातल्या ओढ्यातून जे वाहतं ते बहुतेक मैलापाणीच असतं, ते मोजायला फार अक्कल लागत नाही. आणि नदीचा आकडा आयुक्तांचा. तो कुठेतरी कुणा माणसाच्या नावावर पाहिजेच. एमपीसीबी, म्हणजे राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, विठ्ठलवाडीला, संगमाला, बंडगार्डनला, मुंढव्याला, खाली थेऊरला सॅम्पल घेतं, ते आकडे जाहीर होतात. अंघोळीच्या पाण्याचं प्रमाण पण ठरलेलंय, बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा कमी, विरघळलेला ऑक्सिजन ५ किंवा जास्त. मुंढव्याला आपण तिथपर्यंत पाच वर्षांत जाणार नाही हे मलाही माहितीय. पण निदान यंदाच्या एप्रिलचा आकडा मागच्या एप्रिलपेक्षा बरा का वाईट एवढं तरी जनरल बॉडीत कुणी वाचून दाखवा.

आकडा चुकीचा निवडला तर काय होतं ते आपण स्वच्छ सर्वेक्षणाच्या दिवसांत बघतोच. भिंती रंगतात, कारंजी चालू होतात, कचरापेट्या गायब होतात, सर्व्हेवाले गेले की कचरा परत त्याच कोपऱ्यावर. हवेचं पण तसंच झालं, २०१९ ला केंद्राचा स्वच्छ हवा कार्यक्रम आला, पीएम १०, म्हणजे हवेतले धुळीचे कण, कमी केल्यावर पैसे, तर सगळीकडे रस्ते झाडायच्या गाड्या आल्या कारण धूळ दाबली की पीएम १० उतरतो. जे बारीक कण फुप्फुसात खोल जातात त्यांचं काय यावर तितकी चर्चा नाही. आणि किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ यावरून भांडणं होतातच. कोडाईकनालला थर्मामीटरचा कारखाना २००१ ला बंद झाला, तिथली पाऱ्याची माती किलोला २० मिलिग्रॅमपर्यंत साफ केली की पुरे का त्याहून खाली न्यायची यावर वर्षानुवर्षं वाद चालला. व्हायलाच पाहिजे तो वाद. फक्त काम सुरू व्हायच्या आधी आणि सगळ्यांच्या समोर.

ठेकेदार पळून जातील, कुणी टेंडर भरणार नाही, हे जे नेहमी सांगतात त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते तुमच्या-माझ्या दारात रोज सकाळी येतं. 'स्वच्छ'च्या ताई. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची, तिच्यातून पुढे २००८ च्या सुमारास ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. घरटी शुल्क, ते घरातूनच गोळा करायचं. ताई आल्या नाहीत तर लोक पैसे देताना कुरकुर करतात, रोज आल्या तर देतात, मोजणारा म्हणजे ज्याच्या घरचा कचरा तोच. ना जीपीएसचा फोटो ना टनाचं बिल. ज्यांच्याकडे ढकलगाडी सोडून भांडवल नाही त्या बायका इतकी वर्षं निकालावर पैसे घेतायत, आणि कोट्यवधीची मशीन असलेल्यांना ते परवडत नाही म्हणे.

जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांचे नवीन नियम काढले. संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी करायची, ठरलेल्या मुदतीत तपासणी करायची, ज्यानं घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा. त्या वेळी बातम्यांत आकडा आला होता की देशात अशा १०३ जागा नक्की झाल्यात आणि प्रत्यक्ष सफाई फक्त ७ ठिकाणी सुरू झालीय. म्हणजे आत्ता कुठे पाटी कोरी आहे. ही कामं पण टनावर द्यायला सुरुवात झाली की पुढची वीस वर्षं परत तेच. आपल्या जिल्ह्यात एमआयडीसी किती आहेत ते वेगळं सांगायला नको, तेव्हा या यादीत पुण्याची किती नावं येतात आणि कामाच्या अटी कशा लिहितात इकडे कुणाचं तरी लक्ष पाहिजे.

तुमच्याकडून एकच अपेक्षा. पुढच्या जलपर्णीच्या बातमीत रक्कम किती आणि ठेकेदार कोण हे तर छापालच, त्याबरोबर पैसे नक्की कशावर मिळणार आणि ते मोजणार कोण, या दोन ओळी पण छापा. निविदेची कागदपत्रं महाटेंडर्सच्या पोर्टलवर असतात, पेमेंटच्या अटी बहुतेक वेळा अगदी शेवटच्या पानांत असतात. तुमच्या वार्ताहराला वाचायला कंटाळा आला तर मला पाठवा, मी रिटायर्ड आहे, वाचून देतो.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे